पांडा आणि हरवलेला कर्ता

'पांडा नामशेष होण्याच्या मार्गावर आहे' हे वाक्य आपण शाळेपासून इतक्या वेळा वाचले आहे की त्यातील रूपकाकडे आता कोणाचे लक्ष जात नाही. जणू एक मार्ग आधीपासूनच होता आणि हा काळापांढरा प्राणी आपल्या मर्जीने त्यावरून चालत निघाला. मार्ग कोणी बांधला, याविषयी वाक्य मौन पाळते. येथे कर्ता पांडा आहे, क्रियापद अकर्मक आहे, आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड होती तो वाक्याबाहेर उभा राहून हळहळतो आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे आम्ही हा विषय मांडतो तो एवढ्याचसाठी. वाक्यातला कर्ता शोधणे हे आपले काम आहे. ते प्राणिशास्त्रावर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

सुशिक्षितांत प्रचलित असलेली पांडाची कथा साधारणतः अशी: हा मूळचा मांसाहारी कुळातला, पण मूर्खासारखा बांबू खाऊ लागला, तो त्याला धड पचतही नाही, मादी वर्षातून दोन-तीनच दिवस माजावर येते, आणि तेव्हाही नराला उत्साह नसतो. तात्पर्य, निसर्गानेच त्याला बाद ठरवले आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील निसर्गविषयक कार्यक्रमांचे सादरकर्ते ख्रिस पॅकम यांनी २००९ मध्ये तर असे जाहीर मत मांडले की हा प्राणी उत्क्रांतीच्या बंद गल्लीत स्वतःहून शिरला आहे, त्याला सन्मानाने जाऊ द्यावे. पांडावर होणारा खर्च इतर प्राण्यांच्या वाट्याचा आहे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर वाद व्हावा. आमचा विरोध 'स्वतःहून' या एका शब्दाला आहे.

आधी बांबूचे पाहू. पांडा खाल्लेल्या बांबूचा जेमतेम एक-पंचमांश भाग पचवतो हे खरे. म्हणूनच तो दिवसाचे कितीतरी तास खात बसतो. पण बांबू बारमाही हिरवा असतो, मुबलक असतो, आणि त्यासाठी कोणाचा पाठलाग करावा लागत नाही. तो धरण्यासाठी या प्राण्याच्या मनगटातील एक हाड वाढून त्याचा जणू सहावा बोट झाला. स्टीफन जे गूल्ड यांच्या प्रसिद्ध निबंधाचा विषय तोच. पांडाच्या वंशाचे सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म दक्षिण चीनमध्ये मिळाले आहेत आणि नंतरच्या काळातील अवशेष थेट म्यानमार-व्हिएतनामपर्यंत. मधे हिमयुगे आली आणि गेली. आपली मानवजात उणीपुरी तीन लाख वर्षांची. वीस लाख वर्षे टिकलेल्याला तीन लाख वर्षांच्या नवख्याने नालायक ठरवावे, यातला विनोद आमच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

नराच्या निरुत्साहाची गोष्ट कोठून आली? पिंजऱ्यातून. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील चि-चि या मादीची आणि मॉस्कोच्या आन-आनची १९६६ आणि १९६८ मध्ये भेट घडवण्यात आली. एकदा तिला तिकडे विमानाने नेले, एकदा त्याला इकडे आणले, आणि दोन्ही वेळा काही घडले नाही. वृत्तपत्रांना हसायला विषय मिळाला. लहानपणापासून माणसांच्या हातात वाढलेल्या, स्वजातीयांचा सहवास न मिळालेल्या एका मादीच्या वागणुकीवरून एका अख्ख्या जातीचे चारित्र्य ठरले. (स्थळवर असफल झालेल्या मुलीविषयी आपल्याकडे जी कुजबूज चालते, तिचा सूर याहून फार वेगळा नसतो.) इकडे चिनलिंग पर्वतात बीजिंग विद्यापीठाचे पान वन्शी आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून वन्य पांडांच्या मागे हिंडत होते. त्यांना दिसले ते असे, की रानात एका मादीसाठी अनेक नर जमतात, झुंजतात, आणि माद्या नियमाने पिले वाढवतात. पान यांनी वृक्षतोड थांबवण्यासाठी शासनाकडे आग्रह धरला. १९९० च्या दशकात तेथील तोड थांबली आणि छांगचिंग अभयारण्य उभे राहिले. मोकळ्या रानात नर-मादीस कोणाच्या मध्यस्थीची गरज पडली नव्हती.

मग पांडा कमी का झाले? याचे उत्तर कंटाळवाणे आहे, आणि कंटाळवाणे असल्यामुळेच कथेपुढे ते हरते. १८६९ मध्ये फ्रेंच धर्मप्रसारक आर्मां दाविद यांनी सिच्वानमधून त्याचे कातडे पॅरिसला पाठवले. पुढे साठ वर्षांनी, १९२९ मध्ये, रूझवेल्ट बंधूंनी तेथे येऊन एक मारला, आणि तो टिपणे ही पाश्चात्त्य संग्रहालयांची हौस होऊन बसली. परंतु बंदुकीपेक्षा करवतीने अधिक घात केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिच्वानच्या डोंगरांतून सरकारी उपक्रमांनी प्रचंड इमारती लाकूड काढले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जेमतेम पंधरा वर्षांत तेथील पांडाचा अधिवास जवळपास निम्म्यावर आला. तोड थांबली ती पांडासाठी नव्हे. १९९८ मध्ये यांगत्से नदीला महापूर आला, डोंगर उघडे पडल्याची किंमत सर्वांना कळली, आणि मग बंदी आली.

बांबूच्या फुलोऱ्याचा आक्षेप येथेच निकालात काढू. बांबू कित्येक दशकांतून एकदा एकाच वेळी फुलतो आणि मरतो. १९७० च्या दशकात मिनशान पर्वतात असे झाले तेव्हा १३८ पांडांचे मृतदेह मोजले गेले. हा निसर्गाचा दोष म्हणायचा काय? फुलोरा तर लाखो वर्षे येतच होता. पूर्वी एका खोऱ्यातला बांबू वाळला की पांडा खाली उतरे, किंवा पलीकडच्या खोऱ्यात जाई, तेथे दुसऱ्या जातीचा बांबू असे. आता खाली शेते, रस्ते आणि गावे होती. ज्याच्या घराला आपण बाहेरून कडी घातली त्याला उपासमारीबद्दल आळशी म्हणणे, यास काय म्हणावे?

येथे दुसरा एक सोपा कर्ता पुढे केला जातो: जळण तोडणारा गरीब गावकरी. वोलोंग हे १९६३ पासूनचे नामांकित अभयारण्य. २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले की अभयारण्य झाल्यानंतर तेथील अधिवासाची हानी कमी न होता उलट वेगाने वाढली. त्यात गावकऱ्यांच्या जळणाचा वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच अभयारण्यात पांडाच्या नावाने पर्यटक आणले ते गावकऱ्याने नव्हे, आणि ट्रक भरभरून ओंडके काढणाऱ्या उपक्रमांचे हिशेब त्याच्या चुलीत शोधून सापडत नाहीत.

'आता तर सर्व ठीक झाले ना?' असे कोणी विचारील. होय, बरेच झाले. १९८० च्या दशकातील गणनेत ११००च्या आसपास असलेले वन्य पांडा २०११ ते २०१४ च्या गणनेत १८६४ भरले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये त्यांना 'संकटग्रस्त' या वर्गातून एक पायरी वर, 'असुरक्षित' या वर्गात नेले. २०२१ मध्ये पांडाचे विशाल राष्ट्रीय उद्यान औपचारिकपणे स्थापन झाले. आम्ही या यशाला नाक मुरडत नाही. रान राखले की पांडा वाढतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? मात्र हे १८६४ पांडा ३३ तुटक गटांत विखुरलेले आहेत, आणि त्यांतील कित्येक गटांत तीस जीवसुद्धा नाहीत. जॉर्ज शॅलर यांनी 'द लास्ट पांडा' (१९९३) या पुस्तकात प्राणिसंग्रहालयांना पांडा भाड्याने देण्याच्या व्यवहारावर जी कठोर टीका केली, ती अजून शिळी वाटत नाही. केंद्रात जन्मलेल्या पिलांच्या रांगेचे छायाचित्र जगभर फिरते. दोन टेकड्यांमधील रस्त्यावर रानाची पट्टी पुन्हा जोडली, याचे छायाचित्र कोण पाहणार?

आणि एक गोष्ट. पांडाला जपले की त्याच्या छत्राखाली सर्व जीव जपले जातात, असे सांगितले जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पांडा-अभयारण्यांच्या एका पाहणीनुसार, १९६० च्या दशकानंतर बिबट्या ८१ टक्के, लांडगा ७७ टक्के आणि कोळसुंदा ९५ टक्के अभयारण्यांतून नाहीसा झाला आहे. कोळसुंद्याला नीट पचत नाही, किंवा त्याला माद्यांत रस नाही, असे विधान अद्याप आमच्या वाचनात आलेले नाही.