‘घरीच असते’ म्हणजे काय असते?

चळवळीतल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा, ‘वहिनी काय करतात?’ उत्तर ठरलेले असते, ‘काही नाही, घरीच असते.’ आम्हीही गेली दहा वर्षे हेच उत्तर देत आलो. सभा, धम्म परिषदा, मोर्चे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, हे सगळे ती ‘घरीच असते’ म्हणून आम्हाला जमले, हे मात्र कधी कोणाला सांगितले नाही. गेल्या मे महिन्यात परभणीला सासूबाई आजारी पडल्या. आमच्या सहचारिणीला तातडीने जावे लागले आणि सात वर्षांचा मुलगा व चार वर्षांची मुलगी घेऊन आम्ही अकरा दिवस घरी बसलो. शाळेला सुट्टी, घर दोन खोल्यांचे, डोक्यावर पत्रा.

पहाटे साडेपाचला नळ येतो आणि अर्ध्या तासात जातो. पाणी भरून, चहा करून, पोरांना अंघोळी घालून, खाऊ घालून आम्ही दहा वाजता पेपर हातात घेतला, तोच पहिला प्रश्न आला, ‘पप्पा, आता काय करू?’ खडू दिले, चित्रे काढा म्हटले. पंधरा मिनिटे झाली. डबे वाजवून झाले, उशांचे घर करून झाले, एकमेकांना ओरबाडून रडूनही झाले. घड्याळात अकरासुद्धा वाजले नव्हते. लहान मूल एका गोष्टीत पाव तास रमते, हे आम्हाला या वयात कळले. सकाळी दहा ते संध्याकाळी सात म्हणजे असे छत्तीस पाव तास! त्यातच स्वयंपाक, भांडी, कपडे आणि दारावर येणारा प्रत्येक माणूस. तिसऱ्या दिवशी आम्ही हरलो आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. त्या दिवशी आमच्या मुलीचा तो तास जेवणाआधीच संपला होता.

पुढे शेजारच्या आजीबाईंनी वाट दाखवली. त्यांचे म्हणणे असे, की पोरांना खेळणे नको असते, काम हवे असते. त्यांनी तूर, मूग आणि मसूर एका ताटात मिसळून दिली आणि म्हणाल्या, निवडा. तासभर घरात आवाज नव्हता. मग सागरगोटे आले. ओल्या फडक्याने फरशी पुसणे आले. जुन्या पेपरातले ‘क’ शोधून त्यावर गोल करणे आले. (आमच्याच लेखांचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता.) हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेले नाही. शेतात राबताना बांधावर झोळी टांगून पोरे वाढवलेल्या बायांचे ते शास्त्र आहे. पण या शास्त्राला पदवी नाही, म्हणून पगारही नाही.

हा केवळ आमच्या घरचा किस्सा असता, तर या स्तंभात त्याला जागा दिली नसती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे त्यात निघाले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाने आपलीही नऊ कमी करून घेतली! शिवाय हे ८८ मिनिटेसुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. हातच न लावणारे या सरासरीत नाहीत.

मग या श्रमाची किंमत काय? ती आजवर ठरली ती बहुधा बाई मेल्यावर. अपघाताच्या नुकसानभरपाईत गृहिणीचा जीव केवढ्याचा, हा प्रश्न न्यायालयात येतो, तेव्हा कुठे हिशेब मांडला जातो. २००१ च्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. २००१ च्याच जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या रांगेत ‘काम न करणारे’ म्हणून बसवले होते. त्यावर याच न्यायालयाने २०१० साली कडक ताशेरे ओढले. २०२१ च्या निकालात न्यायालयाने २०११ च्या जनगणनेचे आकडे दिले. घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया जवळपास १६ कोटी आणि पुरुष सुमारे ५८ लाख. एवढी मोठी श्रमिकांची फौज, आणि तिची ना युनियन, ना सुट्टी, ना निवृत्ती.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतिणीची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, अशी मांडणी केली होती. मूल वाढवणे ही बाईची खाजगी भानगड नाही, त्याचा भार समाजाने आणि सरकारने उचलला पाहिजे, हा त्यातला विचार. आज तो विचार कुठे आहे? २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. पण आमच्या वस्तीतली बाई जिथे धुणीभांडी करते, त्या फ्लॅटमध्ये पन्नास कामगार असतात काय? नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजूर बाईचा मालक तर रोज बदलतो. अंगणवाडी आहे, १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची. तीही ज्यांच्या जिवावर चालते, त्या सेविका-मदतनिसांना २०२३ च्या डिसेंबरात मानधनासाठी संपावर बसावे लागले. दुसऱ्यांची पोरे सांभाळणाऱ्या बायका आपली पोरे मांडीवर घेऊन मोर्चात बसल्या होत्या.

आता सरकार बायकांना पैसे देते, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात २०२४ साली ‘लाडकी बहीण’ आली, महिना दीड हजार. गरीब घरात दीड हजार ही मोठी रक्कम आहे. त्या पैशातून गॅस आणि वह्या येतात, म्हणून त्याची टिंगल करणाऱ्या सुखवस्तूंच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. प्रश्न नावाचा आहे. पेरियारांच्या तामिळनाडूत २०२३ च्या सप्टेंबरात महिना हजार रुपयांची योजना सुरू झाली. तिच्या नावात ‘उरिमै’ हा शब्द आहे, म्हणजे हक्क. तिथल्या सरकारने बाईच्या बिनमोल श्रमाची ती दखल आहे, असे सांगितले. आमच्याकडे पाचशे रुपये जास्त आहेत, पण ती भावाने घातलेली ओवाळणी आहे. भाऊ रुसला की ओवाळणी बंद होते. हक्क मागता येतो, त्यासाठी कोर्टात जाता येते. बाबासाहेबांनी आयुष्यभर आपल्याला हा फरक शिकवला आणि आपण तो नेमका आपल्या घरातल्या बाईच्या बाबतीत विसरलो.

सगळ्यात जास्त टोचते ते पुढचे. आमच्या गल्लीत एक अकरा वर्षांची मुलगी आहे. आई चार घरची कामे करते, बाप हमाल. त्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ कायम असतो. अकरा दिवस दुपारी घरी असल्यामुळे ती आम्हाला रोज दिसली. ती लंगडी खेळते तीही त्याला कडेवर घेऊन! सुट्टीत ठीक, पण जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरही ती आठवड्यातले दोन-तीन दिवस घरीच दिसते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने शाळेनंतर आणि सुट्टीत मुलांनी घराला मदत करण्यास मोकळीक दिली. ‘मदत’ कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे मोजणार कोण? तीही उद्या ‘घरीच असते’ या रकान्यात जाईल. सावित्रीमाईंच्या जयंतीला ती नऊवारी नेसून भाषण करते, छान करते.

पुरुष घरी बसला तर काय होते, याचाही अनुभव मुंबईच्या गिरणगावाला आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. बायका बाहेर पडल्या. कोणी खानावळ चालवली, कोणी भाजी विकली, कोणी धुणीभांडी केली. पण बाप घरी आहे म्हणून चूल त्याच्याकडे गेली, असे फार थोड्या चाळींत घडले. नाक्यावरच्या टपऱ्या मात्र भरल्या. बेकारीने माणूस खचतो, हे आम्ही नाकारत नाही. पण बाईलाच कधी खचायची सवड मिळाली नाही.

आता आमच्या चळवळीकडे वळू. आमच्या वस्तीत विहार आहे, प्रशस्त आहे, पंखे आहेत, फरशी आहे. दोन-अडीच खोल्यांत कोंडलेल्या पोरांना दुपारी बसायला याहून चांगली जागा नाही. बारा ते पाच ते उघडे ठेवावे, गोष्टीची पुस्तके, कॅरम, सागरगोटे ठेवावेत, रोज दोन पालकांनी पाळी लावून बसावे आणि त्यातला एक पुरुष असावा, असा प्रस्ताव आम्ही बैठकीत मांडला. एका ज्येष्ठाने विचारले, ‘पोरे भिंती खराब करतील, रंगाचा खर्च कोण देणार?’ दुसऱ्याने सुचवले, हे महिला मंडळाकडे द्या. महिला मंडळाची एकही सदस्य बैठकीला नव्हती. बैठक संध्याकाळी साडेसातला होती आणि त्या वेळी त्या सगळ्या घरीच होत्या.

बरीच वादावादी झाली. शेवटी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते पाच, एवढे मान्य झाले. किल्ली आमच्याकडे आहे. पाळीच्या यादीत आजवर नऊ नावे आली आहेत, त्यात पुरुष तीन. ती अकरा वर्षांची मुलगी पहिल्याच सोमवारी भावाला घेऊन आली. आजीबाईंनी त्याला मांडीवर घेतले, तेव्हा ती थोडा वेळ नुसतीच उभी राहिली, मोकळ्या हातांचे काय करावे ते तिला सुचेना. मग कॅरमपाशी जाऊन बसली.