पावाच्या भट्ट्या : नोटिसा नकोत, नियोजन हवे

मुंबईतील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी आणि खाणावळींनी सहा महिन्यांत इंधन बदलावे, असा आदेश उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी दिला. महापालिकेने दिलेली वर्षाची मुदत न्यायालयाला फार वाटली. शहराच्या हवेच्या प्रश्नात न्यायालयाने स्वतःहून लक्ष घातले, याबद्दल आमची तक्रार नाही. गिरगावात वा लालबागमध्ये धुराड्याला लागून राहणाऱ्या कुटुंबाला धूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आणि त्या धुरात सर्वांत अधिक वेळ उभा असतो तो भट्टीवरचा कामगारच. आमचा आक्षेप आहे तो अंमलबजावणीच्या रीतीला.

ही रीत म्हणजे प्रत्येक बेकरीला वेगळी नोटीस. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या पाहणीत सुमारे ४७ टक्के बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचे आढळले. मोडक्या फर्निचरचे लाकूड स्वस्त मिळते, त्याबरोबर रंग आणि व्हार्निशही जळते. अशा मालकाला एकट्याला गाठून विटांची भट्टी मोडायला सांगितले, तर तो हाताशी येईल ते करणार, म्हणजे बहुधा गॅस घेणार. त्याने धूर पुष्कळ कमी होईल, पण कार्बन उरेलच. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यात तर २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आज कर्ज काढून बसवलेली गॅसची व्यवस्था पुढे पुन्हा बदलावी लागणार. एकाच बेकरीने दोनदा कर्जबाजारी का व्हावे? हा भार शेवटी पावाच्या लादीवर, म्हणजे उसळपाव आणि वडापावावर दिवस काढणाऱ्यांवर पडेल, किंवा भट्टीवाल्याच्या पगारावर. तोही पेलला नाही, तर जागा विकली जाईल. गिरणगावाला हा शेवट अनोळखी नाही. गिरण्या काही धुरापायी बंद पडल्या नाहीत. पण धुराडी थंडावली तेव्हा कामगाराच्या वाट्याला काय आले आणि २००१ च्या नियमबदलानंतर जमिनीचा लाभ कोणाला झाला, हे वाचकांना ठाऊक आहे.

याच गिरणगावात इंधन एकत्रितपणे बदलल्याचा दाखलाही आहे. १९१५ पासून टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईत येऊ लागली आणि गिरण्या कोळशाची वाफ सोडून विजेकडे वळू लागल्या. एकट्या गिरणीसाठी कोणी घाटावर तलाव बांधले नसते. अनेक गिरण्यांची मागणी एकवटल्यानेच ते परवडले. पण टाटांच्याच मुळशी धरणाला ज्यांची जमीन द्यावी लागली, त्या मावळ्यांना कोणी विचारले नाही. त्यांना १९२१ मध्ये सेनापती बापटांसह सत्याग्रहाला उतरावे लागले. मालकांनी आपापसांत केलेल्या नियोजनाला आम्ही सामुदायिक नियोजन म्हणत नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, विभाग कार्यालयांनी बेकरीमालक, कामगार आणि बेस्टचे अधिकारी यांना एकत्र बसवून गल्लीवार आराखडा करावा. विजेच्या भट्ट्यांची खरेदी एकत्रित व्हावी, म्हणजे किंमत उतरेल. जागेअभावी ज्यांना स्वतंत्र भट्टी अशक्य आहे, अशा दोन-तीन लहान बेकऱ्यांसाठी सामायिक भट्टी असावी. पाव रात्री भाजला जातो. बेस्ट ही सार्वजनिक संस्था आहे, तिने रात्रीच्या विजेला सवलतीचा दर मिळवून द्यावा. बेस्टची वीज आज पूर्णपणे स्वच्छ नाही, हे खरे. परंतु गॅसची भट्टी अखेरपर्यंत गॅसच जाळणार. विजेची भट्टी मात्र वीज सुधारेल तशी सुधारत जाईल. लहान उद्योगांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने २०२५ मध्ये व्याजसवलतीची योजना सुरू केली आहे. ती उद्योगसमूहांवर बेतलेली असून तीत अन्नप्रक्रियाही येते. मुंबईच्या बेकऱ्यांना असा समूह मानून त्यांची प्रकरणे एकत्र पाठविण्याचे काम महापालिकेने अंगावर घ्यावे. सवलत घेणाऱ्या मालकाने एकाही कामगाराला कमी न करण्याची लेखी हमी द्यावी. ही अट आम्ही सोडणार नाही.

परळ, लालबाग, दादर आणि गिरगावच्या शाखांनी या महिन्यात आपापल्या भागातील बेकऱ्यांची यादी करावी : भट्टी कशावर चालते, कामगार किती, ते झोपतात कोठे. यादी करताना मालकाइतकेच भट्टीवाल्याशीही बोलावे, आणि विभाग कार्यालयाच्या बैठकीला त्याला बरोबर न्यावे.