ज्येष्ठ कामगारांची सुरक्षितता

दिमोना, लोद, अश्दोद अशा गावी आपले ज्येष्ठ बंधुभगिनी उतारवयातही कामावर जातात. इस्राएलात २००४ च्या कायद्याने पुरुषांचे निवृत्तीचे वय ६७ ठरले. स्त्रियांचेही २०२२ पासून क्रमाक्रमाने ६२ वरून ६५ कडे नेले जात आहे. कामाची वर्षे वाढली. कामाची जागा मात्र पुष्कळ ठिकाणी तरुणांच्याच मापाची राहिली.

वयोमानाने नजर मंदावते, तोल जातो, तहानेची जाणीवही कमी होते; आणि पडल्यास मोडलेले हाड जुळण्यास विलंब लागतो. पुरेसा उजेड, न घसरणारी फरशी, बसावयास खुर्ची व उन्हाळ्यात वेळोवेळी पाणी, एवढ्यानेही अपघात टळू शकतात. हे मागण्यात कमीपणा कसला? निदान २५ कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती असावी, असा १९५४ चा कायदाच आहे. तिच्यापुढे हे मांडावे.

परंतु आमचे खरे गाऱ्हाणे आपल्याच मंडळींविषयी आहे. "म्हातारा झाला म्हणतील" या धास्तीने ती कामावरील दुखापत घरीसुद्धा सांगत नाहीत. दुखापत त्याच दिवशी वरिष्ठांना कळवावी, उपचारासाठी मालकाकडून फॉर्म घ्यावा आणि १२ महिन्यांच्या आत बितुआख लेउमीकडे अर्ज करावा. ज्यांना हिब्रू वाचणे जड जाते, त्यांचे फॉर्म मुलानातवंडांनी भरावेत.

ज्या हातांनी आपली घरे उभारली, त्यांची विचारपूस आज रात्रीच जेवताना करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.