भामरागडास कां जावें ?

सुटीचे दिवस जवळ आले कीं, आमच्या शहरांतील सुखवस्तु कुटुंबांत यंदा कोठें जावयाचें याची वाटाघाट सुरू होते. कोणी महाबळेश्वर सुचवितो, कोणी काश्मीर. ज्याच्या थैलीस झेपतें तो स्वित्झर्लंडचीं तिकिटें काढतो. प्रवासाची हौस वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जिनिव्हाचें सरोवर पाहून आलेल्या गृहस्थास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा संगम कोठें आहे म्हणून विचारावें, तर तो बहुधा निरुत्तर होतो. हा संगम परमुलुखांत नाहीं. तो महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागड येथें आहे. येत्या हिवाळ्यांत आमच्या वाचकांपैकीं कांहींनीं तरी तिकडे जावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

भामरागडाचा व आपला संबंध काय, असें मात्र कोणीं विचारूं नये. आलापल्लीच्या जंगलाचें सागवान आमच्या घरांच्या दारांखिडक्यांस लागलेलें आहे. आमच्या मुलांच्या वह्यांचा कागद करणाऱ्या बल्लारपूरच्या गिरणीस कित्येक वर्षें याच जिल्ह्यांतील बांबू जात होता. विडीचें पान तेथलें, आणि आतां सुरजागडच्या डोंगरांतील लोखंडाचा दगडही तेथूनच बाहेर पडूं लागला आहे. म्हणजे माल आमच्यापर्यंत आला, माणूस आला नाहीं. आणि आम्हीही तेथें गेलों नाहीं. ज्या घराशीं पिढ्यान्‌पिढ्या देण्याघेण्याचा व्यवहार आहे, त्या घरच्या माणसांची ओळखही नसावी, ही गोष्ट कोणत्याही सचोटीच्या व्यापाऱ्यास लाजविणारी आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाचा आहे. सन २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या १०,७२,९४२ भरली, व तींत शेंकडा ३८ हून अधिक लोक आदिवासी होते. भामरागड व एटापल्ली या बाजूस मुख्य वस्ती माडिया गोंडांची. महाराष्ट्रांतील ज्या तीन जमातींस सरकारनें विशेष दुर्बल गणिलें आहे, त्यांत कातकरी व कोलाम यांजबरोबर माडियांचें नांव आहे. त्यांची भाषा द्राविडी कुळांतली. मराठी ही माडिया मुलास शाळेच्या उंबरठ्यावर प्रथम भेटणारी परकी भाषा होय.

तेथें जाऊन काय पाहावें ? पहिली गोष्ट संसाराची. विधवाविवाहाचा कायदा सन १८५६ त झाला, हुंडाबंदीचा सन १९६१ त झाला. त्यापूर्वीं व नंतर सुधारकांनीं लेखण्या झिजविल्या. तरी हुंड्यापायीं सून जळाल्याची बातमी छापण्याची पाळी वर्तमानपत्रांवर अद्याप येतेच. माडियांत मुलीच्या बापास हुंडा द्यावा लागत नाहीं. उलट वरपक्षच वधूमूल्य देतो. कारण कष्ट करणारे दोन हात एका घरांतून दुसऱ्या घरांत जातात, हें तो समाज जाणतो. वधूमूल्य हीही आदर्श चाल आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि विधवेनें पुन्हां घर मांडिलें म्हणून तिला तेथें कोणी वाळींत टाकीत नाहीं. जो धडा आम्हांस पुस्तकांतून शिकूनही वळला नाहीं, तो ज्यांस आम्ही मागासलेले म्हणतों त्यांच्या अंगणांत पाहावयास मिळतो.

दुसरी गोष्ट संयमाची. झाडावर आंबा आला, तरी गांवानें मिळून मरका पंडुम हा सण केल्यावांचून नवा आंबा खावयाचा नाहीं, अशी माडियांची रीत आहे. पेरणीपूर्वीं बियाण्याचाही सण होतो. यास कोणी भाबडेपणा म्हणेल. त्यास आम्ही इतकेंच विचारतों कीं, कोंवळा आंबा उतरवून कार्बाइडच्या पुड्यांनीं पिवळा करणारा आमचा बाजार अधिक शहाणा आहे काय ?

तिसरी गोष्ट कारभाराची. भामरागडाकडे जातांना गडचिरोलीहून थोडी वांकडी वाट करून धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा हें गांव अवश्य पाहावें. या लहानशा गोंड गांवांत निर्णय बहुमतानें होत नाहीं; एकमत होईपर्यंत सर्व पुन्हां पुन्हां बसतात, व त्यांत बायकाही असतात. सन २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें या गांवास सन २००९ त सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही आपला बांबू विकण्याचा परवाना हातीं येईना. अखेर एप्रिल २०११ त केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश स्वतः गांवीं आले, तेव्हां वाहतूक-परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. पुढें जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपान यांची विक्री स्वतः करूं लागल्या. आमच्या व्यापारी बंधूंनीं हा व्यवहार प्रत्यक्ष पाहावा. ज्यांच्याशीं पूर्वीं केवळ मजुरीचा संबंध होता, त्यांच्यासमोर बसून आतां भाव ठरवावा लागतो. आणि माप व हिशेब चोख असेल तर यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.

चौथी गोष्ट ज्ञानाची. ज्ञान शहरांतून रानांत जातें अशी आमची समजूत आहे; तिला गडचिरोलींत चांगलाच धक्का बसतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनें ३९ गांवांत तेथल्याच बायकांस नवजात अर्भकाची घरच्या घरीं शुश्रूषा करण्यास शिकविलें. त्यायोगें नवजातांच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा ६२ नीं घटलें, असें सन १९९९ त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. आज आशा कार्यकर्त्या देशभर हीच पद्धति वापरतात. भामरागडाच्या अलीकडेच हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं सन १९७३ त लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें आपलें आयुष्य वेंचिलें. अशीं माणसें कोणत्या मातींत काम करितात, हें डोळ्यांनीं पाहणें हें दहा व्याख्यानें ऐकण्याहून बरें.

परंतु तेथें सर्व कांहीं सुवर्णाचेंच आहे असें सांगून वाचकांस आम्ही फसविणार नाहीं. विटाळाच्या दिवसांत बाईस गांवाबाहेरच्या कुर्माघरांत राहावें लागतें. पाऊस असो कीं साप असो. जादूटोण्याच्या संशयावरून माणसें मारलीं जातात. पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडाची वाट बंद पडते, आणि अडलेली बाळंतीण खाटेवर घालून आणावी लागते. या गोष्टी झांकून ठेवणें हा आदिवासींचा गौरव नव्हे. मात्र ज्यांच्या घरांत कालपरवांपर्यंत बायका बाजूला बसत होत्या, त्यांनीं कुर्माघराविषयीं नाक मुरडण्यापूर्वीं थोडें थांबावें.

नक्षलवाद्यांच्या भयाची हरकत कोणी घेईल. तें भय खोटें नव्हतें. ८ ऑक्टोबर २००९ रोजीं लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजीं जांभुळखेड्याजवळ सुरुंगानें १५ पोलीस व त्यांचा मोटारचालक प्राणांस मुकले. दोहोंकडील बंदुकांच्या मध्यें गरीब आदिवासी भरडला गेला. परंतु काळ पालटत आहे. ऑक्टोबर २०२५ त या चळवळीचा पुढारी भूपति यानें साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेविलीं. १ जानेवारी २०२५ रोजीं अहेरीहून गर्देवाड्यास एस. टी. सुरू झाली, तोंवर स्वातंत्र्यास सत्त्याहत्तर वर्षें होऊन गेलीं होतीं! स्थानिक लोकांस विचारून, हिवाळ्याच्या दिवसांत व ते सांगतील त्याच वाटेनें जावें, म्हणजे झालें.

एक सूचना मात्र आम्हांस निक्षून करावयाची आहे. माणसें हीं पाहण्याची वस्तु नव्हे. अंदमानांत जारवा स्त्रियांस प्रवाशांपुढें अन्नाच्या आमिषानें नाचविल्याची चित्रफीत सन २०१२ त जगापुढें आली, तेव्हां सर्व देशाची मान खालीं गेली. तसला प्रवास करावयाचा असेल तर घरींच बसावें. न विचारतां कोणाचें छायाचित्र काढूं नये. मुलांपुढें पैसे फेंकूं नयेत. बांबूची वस्तु किंवा मध घेतल्यास रास्त दाम द्यावे, घासाघीस करूं नये. आणि माडिया भाषेंतील दोन शब्द तरी शिकून यावे. शाळांनीं व व्यापारी मंडळांनीं लहान लहान तुकड्या करून, तेथल्या ग्रामसभांस आधीं कळवून, त्यांच्या सोयीनें जावें.

असे शंभर लोक जाऊन आले, तर पुढच्या खेपेस जंगल, खाण किंवा रस्ता यांचा प्रश्न मुंबईंत निघेल तेव्हां त्या गांवांतील माणसांचे चेहरे आठवणारे शंभर लोक आपल्यांत असतील. लोकमत याहून वेगळ्या रीतीनें तयार होत नाहीं. आजपर्यंत आम्हीं भामरागडाकडून पुष्कळ आणिलें. आतां एकदां रिकाम्या हातानें जाऊन ओळख तेवढी घेऊन यावी.