गोळी की पट्टी?

सिगारेट सोडू न शकणाऱ्यावर ‘मनाचा कच्चा’ असा शिक्का पटकन बसतो. यकृताची बाजू कोणी ऐकूनच घेत नाही.

शरीरात शिरलेल्या निकोटिनचा निचरा मुख्यतः यकृतातले सीवायपी२ए६ हे एन्झाइम करते. त्याच्या जनुकाची रूपे माणसागणिक वेगळी. कोणाचे निकोटिन झपाट्याने ओसरते आणि तलफ लवकर येते. कोणाचे बराच वेळ रेंगाळते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅरिन लर्मन, टोरोंटोच्या रेचल टिंडेल आणि सहकाऱ्यांनी १,२४६ धूम्रपान करणाऱ्यांच्या निचऱ्याचा वेग रक्तातून मोजला. मग सिगारेट सुटावी म्हणून कोणाला निकोटिनची पट्टी दिली, कोणाला व्हॅरेनिक्लिनची गोळी, तर कोणाला नुसतेच लुटुपुटीचे औषध. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सामान्य वेगाच्या गटात गोळी पट्टीपेक्षा सरस ठरली. संथ गटात दोन्ही सारख्याच. गोळीचा त्रास मात्र त्यांना अधिक झाला. अशांना आधी पट्टी देणेच शहाणपणाचे.

निचऱ्याचा वेग मोजणारी ही रक्ततपासणी अजून दवाखान्यांत सर्रास होत नाही. जनुकांवर खापर फोडून पाकीट खिशातच ठेवणे (सबबींना कुठे तोटा आहे?) मात्र बरे नव्हे. एक उपाय फसला, तर डॉक्टरांकडे दुसरा मागावा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर, १८००-११-२३५६ या क्रमांकावर, समुपदेशन मोफत मिळते.