घरचे उपद्व्याप : अकरा कॅसेटी आणि नवा मेंदू

गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात याच पानावर मी आमच्या गिझरची हकीकत सांगितली होती. ती वाचून बऱ्याच वाचकांनी सहानुभूतीची पत्रे पाठवली. दोघातिघांनी तर "यापुढे आपण घरातल्या कोणत्याही यंत्राला हात लावू नये," असा प्रेमळ सल्लाही दिला. वाचकांचा सल्ला मी शिरसावंद्य मानतो. पण मानणे निराळे आणि पाळणे निराळे. यंदा मी संगणक उघडला.

त्याचे असे झाले. श्रावणात माळा आवरताना सौ.ला एक पत्र्याची ट्रंक सापडली. तीत जुन्या साड्यांखाली अकरा व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. एकीच्या पाठीवर टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, 'ताईचे लग्न. मे १९९१.' अक्षर नानांचे. नाना म्हणजे माझे वडील. ते १९९४ साली गेले.

आई आता ८६ वर्षांची आहे. उन्हाळ्यातच तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, त्यामुळे सध्या आमच्या घरात सर्वांत चांगले तिलाच दिसते. कोपऱ्यातली जळमटे, माझ्या सदऱ्यावरचा डाग, काही म्हणता काही सुटत नाही. तिने ती कॅसेट हातात घेतली, अक्षरावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "भाऊबीजेला ताई येईल ना इंदूरहून, तेव्हा लाव. एकदा ह्यांना चालताबोलताना बघायचंय."

झाले! माझ्यासारख्या माणसाला एवढे निमित्त पुरे होते.

नवे व्हीसीआर बनणे २०१६ सालीच थांबले. आमचा तर केव्हाच भंगारात गेला होता. एका मित्राकडचा मागून आणला, पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांच्या वायरींनी तो एका लहानशा डबीला जोडला आणि डबी संगणकाला. येथपर्यंत सगळे सुरळीत. मात्र एक गोष्ट ध्यानात आली, की तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. त्यात जगातला कोणताही संगणक काटकसर करू शकत नाही. आई रोज दुपारी शेजारी खुर्ची टाकून बसे. पण तो मित्राचा व्हीसीआर, त्या वायरी आणि मी हे तिघेही तिच्या दृष्टीने स्वयंपाकघरातल्या कच्च्या कणकेसारखे. ती म्हणे, "हे नको दाखवू. नीट झालं की एकदम बघीन." आणि जपमाळ ओढत डोळे मिटून घेई.

'नीट करणे' याला संगणकाच्या भाषेत एन्कोडिंग म्हणतात. त्याची गरज अशी. टीव्हीच्या आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. तीन तासांत अशी २,७०,००० चित्रे होतात. ती जशीच्या तशी ठेवली तर एका कॅसेटीला सव्वादोनशे गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. म्हणून दूध आटवून खवा करावा तसे चित्र आटवायचे. युक्ती साधी आहे. नवरी पाटावर बसली आहे, मागची भिंत जागची हलत नाही. मग भिंत दर वेळी कशाला लिहायची? मागच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच टिपून ठेवायचे. मी २००३ साली ठरलेली एच.२६४ ही पद्धत निवडली, कारण ती आईच्या खोलीतल्या टीव्हीलाही समजते.

पण जुन्या फितीवर मुंग्या फार. सगळ्या चित्रभर बारीक कण सतत वळवळत असतात. संगणकाला वाटते, भिंतच हलते आहे! तो बिचारा प्रत्येक मुंगी लिहीत बसतो आणि फाइल फुगते. त्यावर उपाय म्हणून आधी एक चाळणी लावायची असते. ही चाळणी चित्राचा एकेक तुकडा घेते, आसपासचे तसलेच तुकडे हुडकते, त्यांची सरासरी काढते आणि मुंग्या पुसते. चित्र लख्ख होते. मी चाळणी सर्वांत कडक लावली. आईसाठी काम करायचे तर अर्धवट कशाला?

संगणकाने मात्र पाय ओढायला सुरुवात केली. तो २०१९ साली एका मोठ्या कंपनीचा तयार डबा म्हणून घेतला होता. आत इंटेलचा आय थ्री ८१०० हा प्रोसेसर, म्हणजे चार कोअरचा, चार हातांचा मेंदू. त्याचा वेग पडला सेकंदाला १० चित्रे. २,७०,००० ला दहाने भागा. एका कॅसेटीला साडेसात तास. त्यात एखादे बटण चुकले की पहाटे उठून पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर पंखा घोंघावायचा. सौ. म्हणाली, "अहो, दळणाची गिरणी तरी रात्री बंद असते."

चिरंजीव कॉलेजात आहेत. त्यांनी सुचवले, "बाबा, प्रोसेसरच्या पोटातच एन्कोडिंगचा वेगळा विभाग असतो, क्विक सिंक नावाचा. तो वापरून बघा." बघितला. वेग १० चा ११ झाला. माझी खात्री पटली, की मेंदूच बदलायला हवा. शहाण्या माणसाला त्याच क्षणी वेगळे काही कळले असते. ते काय, हे पुढे येईलच.

तयार डब्याचा मेंदू बदलणे हे भाड्याच्या घरात भिंत पाडण्यासारखे आहे. तुमच्या हाती सगळे नसते. मदरबोर्ड कंपनीच्या मापाचा, पॉवर सप्लाय बेताचा आणि जे प्रोसेसर ओळखायला शिकवले असतील तेवढेच तो बोर्ड ओळखणार. सोपी वाट अशी, की आपल्याच मॉडेलचे महागडे भावंड कंपनीने कोणत्या प्रोसेसरसह विकले ते पाहायचे. त्या यादीत आय सेव्हन ८७०० होता. सहा कोअर आणि प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन कामांचे धागे धरणारा, म्हणजे बारा धागे. कागदावर विजेचे मानही जुन्याइतकेच, ६५ वॅट. नव्याच्या भानगडीत न पडता तोच जुन्या बाजारात शोधायचे ठरले.

आम्ही बापलेक लॅमिंग्टन रोडवर गेलो. पहिल्या दुकानदाराने आय सेव्हन ७७०० पुढे केला. "घ्या काका, याचेपण ११५१ पॉइंट, तुमच्या बोर्डाचेपण ११५१. फिट्ट बसेल." मी पाकिटाला हात घातला होता, चिरंजीवांनी तो धरला. गंमत अशी, की इंटेलने २०१५ च्या सहाव्या पिढीपासून तोच आकडा ठेवला आणि २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी काढताना आतली जोडणी बदलली. आकार तोच, आकडा तोच. पण सातवीतला प्रोसेसर आठवीच्या बोर्डावर चालत नाही. वरच्या वर्गाच्या बाकावर बसवल्याने मुलगा पास होत नाही, तसेच हे. तिसऱ्या दुकानात हवा तो ८७०० मिळाला. साडेआठ हजार रुपये. दुकानदाराने तेथेच बोर्डावर चालवून दाखवला. जुना माल घेताना एवढा आग्रह धरावाच.

घरी आल्यावर प्रथम जुन्या प्रोसेसरवरच बोर्डाचा बायोस नवा करून घेतला. हे आधी करावे. नंतर मेंदूच ओळखू आला नाही तर शिकवणार कोणाला? मग प्लग काढला, डबा उघडला. आत सहा वर्षांची धूळ! ती झाडली, पंखा सोडवला, वाळलेली पेस्ट पुसली आणि खटका उचलून आय थ्री बाहेर काढला. खाली सॉकेटात केसासारख्या ११५१ तारा उभ्या. त्यातली एक वाकली तरी बोर्ड गेला. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो वरून अलगद ठेवला. दाबायचा नाही, ठेवायचा. मग खटका खाली करताना असा काही करकर आवाज झाला, की माझ्या तोंडून "गेले साडेआठ हजार!" असे निघून गेले. तो आवाज नेहमीच होतो म्हणे. तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबले. पडदा काळा. मिनिटभर काळाच. सौ. दारात उभी राहून काही बोलली नाही, हेच जास्त भयंकर होते. मग अक्षरे उमटली.

वेग आला २२! आणि पाच मिनिटांनी घसरून १४. नवा मेंदू शंभर अंशांपर्यंत तापत होता आणि जीव वाचवायला आपणहून हळू चालत होता. ते ६५ वॅट सावकाश चालतानाचे. भरधाव सुटला की तो कितीतरी जास्त वीज खातो आणि तेवढीच उष्णता टाकतो. आय थ्रीचा बुटका पंखा त्याला कसा पुरणार? पुन्हा लॅमिंग्टन रोड, महागड्या भावंडाला बसवतात तो उंच पंखा, आणखी हजार रुपये. मग मात्र २२ वर काटा स्थिर राहिला. साडेसात तासांचे काम साडेतीन तासांच्या आत. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री अकरावी कॅसेट संपली. मी अभिमानाने आईला बोलावले.

लग्नाची कॅसेट लावली. चित्र काय सुरेख! एक मुंगी नाही. मांडव, सनईवाले, हातात करंडा घेतलेल्या मावश्या. मग फोटोग्राफरने दिवा जवळ नेला आणि नानांचा चेहरा पडदाभर आला. ते कोणाला तरी हसून काही सांगत होते.

आई पुढे झुकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे असे नव्हते रे."

"म्हणजे?"

"ह्यांच्या गालावरचे वण कुठे गेले?"

नानांना लहानपणी देवी आल्या होत्या. त्यांच्या दोन्ही गालांवर बारीक खळगे होते. पडद्यावरच्या नानांचे गाल साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. माझ्या कडक चाळणीला मुंगी आणि वण यांतला फरक कोणी शिकवला होता? दोन्ही बारीक, दोन्ही पुसले.

आई म्हणाली, "बघायला आले तेव्हा मी मान वर केली आणि आधी ते वणच दिसले. आत जाऊन रडले होते. नंतर साठ वर्षांत..." तिने हिशेब केला, नाना गेल्यावरची वर्षे वजा केली की नाही कोण जाणे, आणि वाक्य तसेच सोडले. "त्यांच्याशिवाय ते दिसतच नाहीत मला."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. सुदैवाने एक शहाणपण केले होते. कच्ची नोंद पुसली नव्हती. ती एका ४ टेराबाइटच्या डबीत सुरक्षित होती. त्याच रात्री चाळणी काढून टाकली आणि लग्नाची कॅसेट पुन्हा लावली. वेगाचा आकडा पाहून मला वाटले यंत्र बिघडले. सेकंदाला १५० चित्रे! अर्ध्या तासात कॅसेट संपली. फाइल थोडी फुगली, पण डबीत जागा ढीगभर होती.

चिरंजीव शेजारी उभे होते. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे बाबा, जुना आय थ्रीसुद्धा हे तासा-सव्वातासात करता. सगळा वेळ ती चाळणीच खात होती. म्हणून तर क्विक सिंकनं फरक पडला नाही." मुलांना एवढे शिकवू नये असे मला हल्ली वाटते.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर सगळे आईच्या खोलीत जमलो. पडद्यावर मुंग्या वळवळत होत्या, मधूनच रेघ जात होती आणि नाना पंगतीत जिलेबीचा आग्रह करीत होते. आईने ताईचा हात धरून ठेवला होता. तीन तासांची कॅसेट पाहायला तीन तास लागले.

वाचकहो, प्रोसेसर वाया गेला असे मात्र समजू नका. चिरंजीवांच्या कामाला तो उत्तम आहे आणि तयार डब्याचा मेंदू बदलता येतो, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. फक्त विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. वेळ नेमका कशात जातो आहे? आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे, त्याला काय हवे आहे? दुसरा प्रश्न मी श्रावणातच विचारला असता, तर उत्तर द्यायला माणूस शेजारच्याच खुर्चीत बसलेले होते.

जुना आय थ्री सौ.ने हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून ठेवला आहे. डबीवर तिने स्वच्छ अक्षरात लिहिले आहे, 'साडेनऊ हजार.'