विश्वासू ठेकेदार कुठे मिळतो?

महाराष्ट्राबाहेर घर बांधणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला जमिनीच्या कागदपत्रांचा आणि दुसरा विश्वासू ठेकेदाराचा. पहिल्या प्रश्नासाठी वकील आहेत, तहसील कार्यालय आहे, आपल्या सात-बाराच्या जागी छत्तीसगडात चालणारे खसरा आणि बी-१ आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शेजाऱ्याला, मेहुण्याला किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याला विचारून शोधले जाते. "माणूस चांगला आहे हो" हे चार शब्द कानी पडले की लाखो रुपयांचे काम सोपवून आपण मोकळे होतो. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. विश्वासूपणा हा ठेकेदाराच्या स्वभावात शोधण्याचा गुण नव्हे; तो कामाच्या मांडणीतून निर्माण करावा लागतो.

हा विषय सुचला तो अभनपूरमुळे. रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रायपूर-धमतरी ही अरुंद रुळांची गाडी सुरू केली, तिचा राजिमचा फाटा येथूनच फुटत असे. आता ते रूळ गेले. ३० मार्च २०२५ रोजी ब्रॉडगेजवरच्या अभनपूर-रायपूर मेमू गाडीला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. नवा रायपूर हाकेच्या अंतरावर आले आहे आणि विशाखापट्टणमकडे जाणारा सहापदरी मार्गही याच परिसरातून निघतो. जिथे रेल्वे आणि महामार्ग एकत्र येतात तिथे शेतांचे भूखंड होतात. भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, रायपूरला नोकरी केलेल्या माझ्या परिचयाच्या काही मराठी कुटुंबांनी येथे घरे बांधली आहेत. त्यांची मुले पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत. घराचे पैसे मुलांचे, देखरेख आईवडिलांची.

अशाच काही रहिवाशांनी मिळून फाटकापर्यंतचा रस्ता आणि वाहनतळ डांबरी करून घ्यायचे ठरवले. क्षेत्र साधारण एक हजार चौरस मीटर. तीन ठेकेदारांकडून दर मागवले आणि कागद माझ्यापुढे ठेवले. तिन्ही कागदांवर चौरस फुटाचा दर आणि एकूण रक्कम होती. दोन कागदांवर थराची जाडी लिहिलेलीच नव्हती. तिसऱ्यावर "दोन इंच" असे होते, पण ते रोलर फिरण्याआधीचे की नंतरचे, याचा उल्लेख नव्हता. हा फरक लहान नाही. सैल पसरलेला दोन इंचांचा थर रोलरखाली दबून साधारण दीड ते पावणेदोन इंचांचा होतो. चर्चा मात्र एकाच गोष्टीची चालली होती: सर्वांत स्वस्त कोण?

सरकारी कामे सर्वांत कमी दराच्या निविदाकाराला दिली जातात म्हणून आपण सरकारची थट्टा करतो. त्या पद्धतीचे दोष मला ठाऊक आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत काही अटींवर, दराबरोबर गुणवत्तेला भारांक देण्याची मुभा दिली, ती या दोषांमुळेच. पण सरकारी निविदेत एक गोष्ट तरी निश्चित असते. सर्व निविदाकार एकाच कामाचा दर भरतात. जाडी, डांबराची श्रेणी, गिट्टीचे आकारमान, चाचण्या, सगळे आधी लिहिलेले असते. रहिवाशांच्या हाती आलेले तीन कागद तीन वेगवेगळ्या कामांचे होते. त्यांतला स्वस्त कोणता हे ठरवणे ब्रह्मदेवालाही शक्य नव्हते.

म्हणून मी त्यांना आधी हिशेब मांडायला सांगितले. दाबून पक्का झालेला डांबरी मिश्रणाचा एक घनमीटर साधारण २.३ ते २.४ टन भरतो. एक हजार चौरस मीटरवर ४० मिलिमीटरचा पक्का थर म्हणजे ४० घनमीटर, म्हणजेच सुमारे ९४ टन माल. ठेकेदाराने ३० मिलिमीटरच टाकला तर माल लागेल सुमारे ७० टन. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच काळेभोर आणि गुळगुळीत दिसतील. ते चोवीस टन कुठे गेले, हे तिसऱ्या पावसाळ्यात समजेल. ही चोरी पकडण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून (इकडे त्याला धर्मकांटा म्हणतात, आणि नाव किती समर्पक आहे) भरून आणि रिकामी अशी दोनदा जावी, चिठ्ठी आपल्या हाती यावी आणि संध्याकाळी बेरीज करावी. जो ठेकेदार ही अट ऐकून रागावतो, त्याच्याविषयी आणखी चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट पायाची. डांबर हे रस्त्याचे छप्पर आहे. भार पेलतो तो खालचा मुरूम आणि गिट्टीचा थर. छत्तीसगडचा शेतकरी आपली जमीन कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा अशा नावांनी ओळखतो. यांतली कन्हार म्हणजे आपली काळी, चिकण जमीन: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भाठा मुरमाड. एकाच वसाहतीत अर्धा रस्ता कन्हारवर आणि अर्धा भाठ्यावर येऊ शकतो. कन्हारवर माती न काढता, मुरूम न दाबता डांबर अंथरले तर दोष डांबराला देऊन उपयोग नाही. दर देण्यापूर्वी ठेकेदाराने जमीन खणून पाहिली का, हा मी विचारतो तो पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पाण्याचा: उतार कुठल्या दिशेला, आणि ते पाणी शेवटी जाणार कुठे? डांबराचा शत्रू पाणीच आहे, आणि अभनपूरच्या भागात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ते भरपूर पडते.

तिसरी गोष्ट तापमानाची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानक विनिर्देशांनुसार, सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० श्रेणीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सियस असावे लागते आणि ते ९० अंशांखाली उतरण्याआधी रोलरचे काम संपावे लागते. थंड झालेला माल दबत नाही, त्यात पोकळ्या राहतात आणि पोकळ्यांत पाणी शिरते. साधा तापमापक ही चाचणी करतो. निळसर धूर निघणारा माल अति तापलेला, करपलेला असतो. तोही परत पाठवावा.

येथे एका जगप्रसिद्ध युक्तीविषयी लिहिणे भाग आहे. "जवळच हायवेचे काम चालू आहे, थोडा माल उरलाय, आज रोखीत निम्म्या दरात करून देतो." अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वाचकांनी हे वाक्य इंग्रजीत, दारात उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकलेले असेल. अभनपूरसारख्या, मोठी कामे चाललेल्या गावात ते हिंदीत आणि छत्तीसगडीत ऐकू येते. उरलेला माल हा एकतर थंड झालेला असतो, नाहीतर दुसऱ्याचा असतो. तो खरोखरच सरकारी महामार्गाचा असेल, तर आपल्या अंगणातला प्रत्येक टन त्या महामार्गातून कमी झालेला आहे. महामार्गावर खड्डे पडले म्हणून संतापणाऱ्याने हा माल स्वस्तात घ्यावा, यासारखी विसंगती नाही.

परदेशांतल्या व्यवस्थांनी या युक्तीवर काही उपाय केले आहेत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार दारावर येऊन केलेल्या बहुतेक विक्रीचे करार ग्राहकाला कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येतात. कॅलिफोर्नियात ठेकेदारांसाठी परवाना मंडळ आहे. त्याचा परवाना क्रमांक कोणालाही पडताळता येतो, आणि घरगुती कामात ठेकेदाराला आगाऊ रक्कम कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी असेल तेवढीच घेता येते. आपल्याकडे अंगणात काम करणाऱ्या ठेकेदारासाठी असा परवाना नाही. लोक निर्माण विभागाकडे (महाराष्ट्रात ज्याला सार्वजनिक बांधकाम विभाग म्हणतात) ठेकेदारांची श्रेणीनिहाय नोंदणी असते, पण ती सरकारी कामांसाठी. ती क्षमतेचा पुरावा आहे, सचोटीचा नव्हे. म्हणून कायद्यात जे नाही ते आपल्या करारात लिहावे लागते.

करार लांबलचक नको. एका पानात पुढील गोष्टी आल्या तरी पुरे: दाबल्यानंतरची जाडी मिलिमीटरमध्ये; खालच्या थरांची जाडी; डांबराची श्रेणी; वजनकाट्याच्या चिठ्ठ्या; पसरतानाचे तापमान; उताराची दिशा; आणि जागेवर प्रत्यक्ष कोण हजर राहील त्याचे नाव. कारण दर देणारा एक आणि काम करणारा पोटठेकेदार दुसरा, असे नेहमी घडते. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. पाया पूर्ण होऊन आपण पाहिल्याशिवाय डांबराचा पैसा देऊ नये, आणि किमान दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत हाती ठेवावी. काम संपल्यावर टँकरने पाणी सोडून पाहावे. जिथे डबके साचेल तिथे पुढच्या वर्षी खड्डा आहे असे समजावे. ठेकेदाराचे जुने काम पाहायला जाल तेव्हा कालचे पाहू नका, दोन पावसाळे झालेले पाहा. आणि वाहने जिथे दिवसभर उभी राहतात तिथे डांबर हवेच का, याचाही विचार करा. गळणारे डिझेल आणि तेल डांबराला विरघळवते. तेवढ्या भागात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक अधिक टिकतात. हे स्वतःहून सांगणारा ठेकेदार भेटला तर त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्यालाच काम द्यावे.

वसाहत बिल्डरने विकलेली असेल आणि ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर ठेकेदार शोधण्याआधी रेरा कायदा, २०१६ चे कलम १४(३) वाचावे. कामाच्या दर्जातला किंवा करारातल्या सेवांमधला दोष निदर्शनास आणल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. कित्येक रहिवासी बिल्डरने करायचे काम वर्गणी काढून करतात.

हमीची ताकद काय असते हे पुणेकरांना सांगायला नको. १९७० च्या दशकात श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने जंगली महाराज रस्त्याचे काम मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला देण्यात आले. कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी दिली. रस्ता दहा वर्षे तर टिकलाच, पण पुढे कित्येक दशके खड्ड्यांविना राहिला. लोक ही कथा कंपनीच्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगतात. मला ती हमीची कथा वाटते. दहा वर्षे खड्डा आपल्याच खिशातून बुजवायचा आहे हे ठाऊक असलेला ठेकेदार पायात मुरूम वाचवत नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत बांधकामाबरोबरच पाच वर्षांच्या देखभालीचा करार त्याच ठेकेदाराशी केला जातो, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

माहितीच्या अधिकाराचा कायदा, २००५ नागरिकाला सरकारी कामातल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क देतो. सार्वजनिक रस्त्याचा नमुना मागण्याचा हक्क आपण लढून मिळवला. स्वतःच्या पैशाने केलेल्या रस्त्याचा नमुना मागायला मात्र संकोच वाटतो. ठेकेदाराला काय वाटेल, ओळखीचा माणूस आहे, ज्यांनी सुचवला त्यांना वाईट वाटेल. या भिडेचीच किंमत आपण चौरस फुटामागे मोजतो.

शासनानेही येथे थोडे करण्यासारखे आहे, आणि त्याला फार खर्च नाही. खासगी रस्ते व वाहनतळांसाठी एका पानाचा नमुना करार हिंदीत आणि स्थानिक भाषेत प्रत्येक नगर संस्थेने उपलब्ध करावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ठरावीक शुल्क भरून कोणालाही डांबराचा गाभा तपासून घेता यावा आणि ही सोय आहे हे लोकांना सांगितले जावे. असे झाले तर फायदा फक्त घरमालकाचा नाही. चांगला ठेकेदार आज बाजारात हरतो, कारण त्याची चाळीस मिलिमीटर आणि दुसऱ्याची तीस मिलिमीटर यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही. मोजणारा माणूस उभा राहिला की प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे परवडते.

त्या रहिवाशांनी तिन्ही ठेकेदारांना एकच तपशीलवार कागद देऊन पुन्हा दर मागवले. एकाने उत्तरच दिले नाही. उरलेल्या दोघांचे दर वाढले आणि एकमेकांच्या बरेच जवळ आले. वर्गणी वाढली म्हणून थोडी कुरकुर झाली. ती होणारच. पण आता निदान ते रस्ता विकत घेत होते. त्याआधी केवळ काळा रंग विकत घेत होते.